वॉटसनचे भाडेकरू

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी काळ्या घोड्याजवळ, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या दाराशी, मी मैत्रिणीची वाट पाहत थांबले होते. शेजारी वारसा-फेरीला निघालेली पंधरा-वीस माणसे उभी होती आणि त्यांना माहिती देणारा तरुण त्याच रांगेतल्या, पत्र्यांच्या आणि जाळ्यांच्या आड गेलेल्या वॉटसन हॉटेलकडे बोट दाखवून बोलत होता. तो मन लावून बोलत होता. इंग्लंडहून जहाजाने आलेला लोखंडी सांगाडा, मार्क ट्वेनचा मुक्काम, ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ, जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवल्याची गोष्ट, असे सगळे त्याने पाच-सात मिनिटांत नीट ओळीने सांगितले आणि मग म्हणाला, “पुढे हॉटेल बंद पडलं, भाडेकरू घुसले आणि बिल्डिंगची वाट लागली. चला, आता पुढे जाऊ.” गट पुढे सरकला. मैत्रीण आली, आम्ही प्रदर्शन पाहिले, चहा प्यालो, ठरल्याप्रमाणे सगळे झाले. पण ते एक वाक्य दिवसभर माझ्या मागे लागले होते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते गेले नाही.

त्या ‘भाडेकरू घुसले’मध्ये माझा मामा होता.

खरे म्हणजे तो भाडेकरू नव्हता, भाडेकरूचा नोकर होता. इमारतीचे नाव तेव्हा एस्प्लनेड मॅन्शन असे होते, आणि तिच्यातल्या एका वकिलांकडे तो टंकलेखक म्हणून कामाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गिरगावात आजोळी गेलो की तो कधीकधी मला बरोबर घेऊन जाई. रस्त्यावरच्या उन्हातून आत शिरले की आधी डोळ्यांपुढे अंधारी येई, मग हळूहळू लाकडी जिना दिसू लागे. जिन्याच्या भिंतीवर वकिलांच्या नावांच्या पाट्या एकीखाली एक, एकीशेजारी एक अशा ठोकलेल्या होत्या. काही पितळी, काही रंगवलेल्या, काहींवरची अक्षरे उडून गेलेली. पाट्यांच्या बाजूला विजेचे मीटर आणि मीटरांतून निघालेल्या तारांचे जुडगे. कोणत्या पायरीवर कडेने पाय टाकायचा हे मामाला पाठ होते आणि तो न बोलता माझा दंड धरून मला त्या बाजूला सरकवी. ओल धरलेले लाकूड, कार्बन पेपर, कुठल्यातरी मजल्यावरच्या सामाईक शौचालयातले फिनेल आणि कोणाच्या तरी डब्यातली फोडणी, असा तिथला एक वास होता. पुढे कितीतरी जुन्या इमारतींत मी गेले, पण तो नेमका वास मला दुसरीकडे कुठे आला नाही.

वकिलांची खोली म्हणजे हॉटेलच्या एका मूळ खोलीचा तुकडा होता. प्लायवुडची आडभिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे शेजारच्या वकिलांचा अशील आपल्या भावाविषयी काय बोलतो आहे ते आम्हांला शब्दन् शब्द ऐकू येई. गंमत म्हणजे एका उंच खिडकीचे दोन भाग झाले होते. तिचे एक कवाड आमच्याकडे आणि दुसरे पलीकडे, आणि ती उघडायची तर दोन्हीकडच्या मंडळींचे एकमत व्हावे लागे. गॅलरीकडे जाणारा काचेचा दरवाजा मात्र अखंड आमच्या वाट्याला आला होता आणि मामाला त्याचा अभिमान होता. दुपारी गॅलरीचा लोखंडी कठडा हात लावू देत नसे. राजाबाई टॉवरचे टोले तिथपर्यंत येत. टंकलेखन यंत्राचा आवाज थांबला की खाली फेरीवाल्यांचा आणि कोर्टाच्या वाटेवर घाईने चाललेल्या माणसांचा गलका वर येई. मी एकदा मामाला विचारले होते, की हे पूर्वी कोणाचे घर होते का. तो कागद यंत्रात सरळ करत म्हणाला, “अगं, हॉटेल होतं. पूर्वी इथं साहेब लोक उतरायचे. आता आपण बसतो.”

एवढाच इतिहास त्याला ठाऊक होता, आणि तो त्याने फुशारकी न मारता सांगितला.

बाकीचा मी पुढे स्वतःहून वाचत गेले. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि तटाबाहेरच्या एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानाकडेची जमीन बांधकामासाठी खुली झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहराकडे पैसा वाहत होता. त्या दिवसांत जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इथे जागा घेतली आणि रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याकडून इमारतीचा आराखडा करवून घेतला. ऑर्डिश लोखंडाचा माणूस होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या तपशिलांवर त्याने काम केले होते, सेंट पँक्रस स्थानकाच्या विशाल छपरात त्याचा वाटा होता आणि थेम्स नदीवरचा अल्बर्ट पूल पुढे त्यानेच बांधला. वॉटसनच्या इमारतीचे भाग डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले, जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडून उभे केले गेले. भारतात आज उभ्या असलेल्या बिडाच्या इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते. १८७१ साली तिच्यात हॉटेल सुरू झाले. सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताचा उंच चौक, खाली भोजनगृह आणि नाचाचा दिवाणखाना, आणि वाढायला इंग्लंडहून आणलेल्या मुली.

या इमारतीचे वेगळेपण तिच्या हाडांत आहे. तिच्या भोवतीच्या बहुतेक इमारतींत भार पेलणाऱ्या दगडी भिंती आहेत. भिंत काढली तर वरचे सगळे खाली येईल. वॉटसनमध्ये भार पेलतो तो खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, आणि विटांच्या भिंती त्या सांगाड्यात नुसत्या भरलेल्या आहेत. पुढे जगभर उंच इमारती ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, त्याचे हे एक सुरुवातीचे रूप आमच्या मुंबईत, हायकोर्टाच्या हाकेच्या अंतरावर उभे आहे. प्रत्येक मजल्याला बाहेरून रुंद गॅलऱ्या आहेत, कारण घडवणारे इंग्रज असले तरी ऊन आणि पाऊस इथलाच होता. पण याच सांगाड्यात तिचा धोकाही आहे. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. बिडाचा तवा हातातून निसटला तर तो वाकत नाही, त्याचे दोन तुकडे होतात, हे ज्या घरात असा तवा आहे त्या घराला माहीत असते. बिडाचा खांब आपण थकल्याचे वाकून सांगत नाही. त्यातून पाणी सांध्यांत शिरले, की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो फुगतो, आणि फुगताना विटा, फरशी, बोल्ट, जे आड येईल त्याला ढकलतो. दीडशे पावसाळे हे चालले आहे. हे सगळे समजल्यावर मला आपोआप मामाचा जून महिना आठवला. पाऊस सुरू होण्याआधी एका शनिवारी काम संपल्यावर तो त्या काचेच्या दरवाज्याशी गुडघे टेकून बसे. दरवाजा आणि उंबरठा यांच्यामधली फट जुन्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांनी भरी, त्यांवर मेणकापड दाबी आणि खिळ्यांनी पट्टी ठोकी, कारण दरवाज्याला लागूनच जमिनीवर फायलींचे गठ्ठे असत. त्याला सांगितले कोणी नव्हते. त्या फायलींत कोणाची तरी जमीन होती, कोणाची तरी पोटगी होती, आणि ते कागद भिजून चालणार नव्हते.

त्या दरवाज्यामुळेच मार्क ट्वेनचा उतारा वाचताना मी पुस्तक खाली ठेवले.

ट्वेन १८९६च्या जानेवारीत मुंबईत आला आणि वॉटसनमध्ये उतरला. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिले ते पुष्कळांनी वाचलेले असते. गॅलरीच्या कठड्यावर बसून एकमेकांत त्याच्याविषयी चर्चा करणारे ते कावळे वाचताना हसू येते. पण त्याच प्रवासवर्णनात, मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाची एक वेगळी हकिकत आहे. त्याला खोली दाखवायला एक धिप्पाड जर्मन माणूस आला होता आणि बरोबर काही देशी नोकर होते. गॅलरीत उघडणाऱ्या काचेच्या दरवाज्याचे काहीतरी करायचे होते. एक नोकर गुडघे टेकून त्या कामाला लागला. काम ठीकच चालले होते असे ट्वेनला वाटले, पण जर्मनाच्या मनास ते आले नसावे. काय चुकले हे न सांगता त्याने आधी नोकराच्या जबड्यावर एक फटका ठेवून दिला आणि मग चूक सांगितली. नोकराने ते मुकाट्याने सोसले. चेहऱ्यावरही काही दिसू दिले नाही. असे दृश्य आपण पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, असे ट्वेन लिहितो, आणि तिथून त्याचे मन थेट मिसुरीतल्या लहानपणाकडे, गुलामांच्या दिवसांकडे जाते. कोणा मालकाने क्षुल्लक कारणावरून एका गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारला होता आणि तो मेला होता, ती दहाव्या वर्षी पाहिलेली गोष्ट त्याला मुंबईच्या त्या खोलीत आठवली.

मामाचा दरवाजा तोच होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. अशा दरवाज्यांच्या रांगाच्या रांगा त्या गॅलऱ्यांवर होत्या. पण एकाच इमारतीत, तसल्याच काचेच्या दरवाज्यापाशी, एक माणूस दुसऱ्याच्या आज्ञेने गुडघे टेकून बसला आणि मार खाऊन गप्प राहिला. आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी दुसरा माणूस आपण होऊन तसाच गुडघे टेकून बसला आणि उठल्यावर हात झटकून त्याने खाली जाऊन मला उसाचा रस पाजला. या दोन बसण्यांमध्ये जे घडले ते माझ्या दृष्टीने वॉटसन हॉटेलच्या इतिहासाचे सर्वांत मोठे प्रकरण आहे. साहेबांचे हॉटेल मोडून तिथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती वकील, त्यांचे कारकून, नोटरी, शिंपी, छोटे व्यापारी आणि कुटुंबे राहू-बसू लागली. ज्या दारातून त्यांच्या आज्यापणज्यांना आत घेतले नसते, त्या दारातून ती रोज सकाळी डबा घेऊन आत जात होती. याला ‘वाट लागली’ म्हणणे मला जड जाते.

त्याच १८९६ सालच्या ७ जुलैला, जिथे देशी माणूस पाहुणा म्हणून येऊ शकत नव्हता तिथे, हिंदुस्थानातला पहिला चित्रपटांचा खेळ झाला. ल्युमिए बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत थांबला होता. तिकीट एक रुपया. सहा छोटी चित्रे दाखवली गेली. स्थानकात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी. त्या सहांत एक होते भिंत पाडण्याचे. मजूर भिंत ढकलतात, ती कोसळते आणि धुळीचा लोट उठतो. ज्या खोलीत तो धुळीचा लोट पाहून लोक थक्क झाले, तिच्या भिंतींविषयी सव्वाशे वर्षांनी पाडापाडीचा अहवाल लिहिला गेला, हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आठवडाभराने ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे सर्वसामान्य मुंबईकरांसाठी दार उघडले. कमी दराची तिकिटे निघाली, पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. या खेळांनी झपाटून गेलेल्यांत एक मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा. त्यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला, १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाच्या स्वागताचेही चित्रीकरण केले. आपल्या चित्रपटाचा इतिहास लिहिणारे वॉटसनच्या नावाने पहिले पान उघडतात ते बरोबरच आहे. मात्र त्या पानावरची शाई सुकायच्या आत खेळ वॉटसनच्या बाहेर पडला होता आणि बाहेर पडला म्हणूनच तो आपला झाला, हेही तिथेच लिहायला हवे. त्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि मुंबईला वेगळ्याच गोष्टींनी ग्रासले.

टाटांच्या गोष्टीविषयी मी फारसे लिहीत नाही. ती सगळ्यांना माहीत आहे, ती ऐकायला सगळ्यांना आवडते, आणि तिच्या मागे त्या काळचा लेखी पुरावा नाही. १६ डिसेंबर १९०३ रोजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनचे दिवस फिरले, एवढे मात्र नक्की. समुद्रासमोरच्या त्या नव्या, विजेच्या दिव्यांच्या हॉटेलापुढे हे लोखंडी हॉटेल जुने दिसू लागले. पुढे ते बंद झाले, मालक बदलले, नाव महेंद्र मॅन्शन झाले आणि मग एस्प्लनेड मॅन्शन. मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या झाल्या. समोर सिटी सिव्हिल कोर्ट, चार पावलांवर हायकोर्ट. तेव्हा वकिलांनी इथे जागा शोधली नसती तरच नवल.

इमारतीची दुर्दशा झाली हे मी नाकारत नाही. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. मधल्या चौकाचे काचेचे छत केव्हाच नाहीसे झाले होते आणि खाली वाकून पाहिले तर कचऱ्याचा, मोडक्या सामानाचा आणि कबुतरांच्या पिसांचा थर दिसे. लोकांनी पोटमाळे काढले, पाण्याच्या टाक्या चढवल्या, गॅलऱ्या पत्र्यांनी बंद केल्या, नळ ओढण्यासाठी भिंतींना भोके पाडली. सांगाड्यावर किती वजन पडते आहे याचा विचार कोणीही केला नाही, आणि फायलींचे वजन तर कोणाच्या ध्यानातही येत नसे. पण या सगळ्याचे खापर भाडेकरूंच्या डोक्यावर फोडण्याआधी भाड्याचा कायदा आठवावा लागतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या दरावर गोठवली. फाळणीच्या आणि महागाईच्या दिवसांत गरीब माणसाला रस्त्यावर येण्यापासून त्या कायद्याने वाचवले, आणि तो करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मात्र ते भाडे पुढे दशकानुदशके तसेच राहिले. भाड्याच्या पैशात बिडाचा एक खांबही नीट करता येणार नाही, म्हणून मालक हात लावीना. जागा आपल्या मालकीची नाही आणि पागडी तर भरलेली आहे, म्हणून भाडेकरू खर्च करीना. दक्षिण मुंबईतल्या शेकडो इमारती अशाच झिजल्या. त्या साध्या चाळी असतील तर उपकर घेणारे दुरुस्ती मंडळ टेकू लावते, गिलावा करते. वॉटसनला लागणारी दुरुस्ती त्या जातीची नव्हती. बीड वेल्डिंगला सहज दाद देत नाही. तडा गेलेला भाग शिवावा लागतो, जोडपट्ट्या द्याव्या लागतात, काही भाग नव्याने ओतून घ्यावे लागतात. हे काम जाणणारी माणसे मोजकी आणि पैसा द्यायला कोणीच पुढे नाही.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली आणि इमारतीला दोन-अ दर्जा मिळाला. २००५च्या जुलैच्या पहिल्या तारखेला रस्त्याच्या बाजूच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळला. एक माणूस मेला, काही जखमी झाले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या २००६च्या यादीत तिचे नाव घातले. मामा तेव्हा निवृत्त झाला होता. बातमी वाचल्यावर त्याने आपल्या जुन्या सोबत्यांना एकेक करून फोन लावले. पहिल्यांदा त्याने इमारतीचे विचारले नाही, माणसांचे विचारले. ३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि त्या समूहात विद्यापीठ, हायकोर्ट, डेव्हिड ससून ग्रंथालय यांच्या जोडीने वॉटसन हॉटेलही होते. आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, २०१९ साली, हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडून टाकण्याची शिफारस केली होती. जुन्या वास्तूंचे काम करणाऱ्या अभियंत्यांनी आणि वास्तुविशारदांनी ती वाचवता येईल असे सांगितले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागांचे खटले चालवलेले वकील आपल्याच जागेच्या खटल्यात शेजारच्या कोर्टात उभे राहिले. रिकामी करण्याचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. डोक्यावर काय पडेल याचा भरवसा नसलेल्या जागेत माणसांना राहू देणे हा दयाळूपणा नव्हे. तरीही पन्नासेक कुटुंबे आणि शंभरेक कार्यालये ज्या जागेतून एकदम निघाली, त्या जागेविषयी बोलताना त्यांचा उल्लेख अडगळीसारखा व्हावा, हे मला सोसत नाही.

माझा राग त्या तरुणावर नाही. त्याने जे वाचले ते सांगितले. इमारतीवर लिहिलेले बहुतेक लेख असेच आहेत. त्यांत १८६९ आहे, १८९६ आहे, १९०३ आहे, आणि मग एका परिच्छेदात थेट २००५. मधली कित्येक दशके कोणी मोजलीच नाहीत, कारण त्या काळात तिथे नाव घेण्याजोगे कोणी उतरले नव्हते. वारसा म्हणजे वास्तू पहिल्या दिवशी जशी होती तशी परत करणे, असा एक समज आपल्याकडे मुरला आहे. मग संवर्धन सुरू झाले की आडभिंती जातात, मीटर जातात, पाट्या जातात, जुन्या छायाचित्रांवरून दिवाणखाना पुन्हा सजतो, आणि आपण तिकीट काढून जे पाहतो ती आपल्याला प्रवेश नसलेल्या काळाची हुबेहूब प्रतिकृती असते. काळ्या घोड्याने वेगळी वाट दाखवली आहे. तिथला सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत गेला. नाव मात्र लोकांनी सोडले नाही. २०१७ साली त्या परिसरात पुन्हा घोडा उभा राहिला तो स्वाराशिवाय. कोणीही राजाला परत आणा म्हटले नाही. लोकांच्या जिभेवर जे टिकले होते तेच जपले गेले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते.

वॉटसनचा सांगाडा वाचलाच पाहिजे. त्यात माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. ऑर्डिशच्या खांबांना इथल्या पावसाने इतकी वर्षे छळले आणि ते अजून उभे आहेत. ते पाडून तिथे काचेची इमारत उभारली तर मुंबईने स्वतःचा एक अवयव कापून टाकल्यासारखे होईल. पण वाचवल्यानंतर आत काय ठेवायचे, हे आधी ठरले पाहिजे. एका मजल्यावरची एक तरी खोली विभागलेली राहू द्यावी. छताला न पोचलेली आडभिंत, दोघांत वाटलेली खिडकी, मीटरांची फळी हे तिथे असावे. जिन्यातल्या पाट्या कोणीतरी काढून नेल्या असतील, काही भंगारात गेल्या असतील. ज्या उरल्या असतील त्या गोळा व्हाव्यात आणि पुन्हा जिन्यातच लागाव्यात. ट्वेनच्या नावाची पाटी लागणारच आहे, ती लागावी. तिच्या शेजारी, त्याने ज्याचा मार पाहिला त्या निनावी नोकराची हकिकत मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली असावी. पहिल्या खेळाच्या दालनात सावेदादा असावेत, आणि नॉव्हेल्टीत स्वस्तातले तिकीट काढून बसलेले लोकही असावेत.

यातले पुष्कळसे शासनाच्या, कोर्टाच्या आणि मालकाच्या हातात आहे, आणि त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कोणाच्या परवानगीवाचून आत्ता करता येते. त्या इमारतीत बसलेली माणसे आज डोंबिवलीत, बोरिवलीत, ठाण्यात, पुण्यात आहेत आणि बरीचशी सत्तरीच्या पुढे गेली आहेत. कोणाच्या कपाटात भाड्याच्या पावत्या आहेत, कोणाकडे एस्प्लनेड मॅन्शन असा पत्ता छापलेली पत्रे, कोणाकडे गॅलरीत उभे राहून काढलेले छायाचित्र. मामाकडे त्याच्या वकिलांनी दिलेले निवृत्तीचे पत्र आहे, आणि त्याला मजल्यावरच्या सगळ्या वकिलांची आणि कारकुनांची नावे अजून खोल्यांच्या क्रमाने आठवतात. ती नावे मी वहीत उतरवून घेत आहे. कोण कोणाच्या आधी आला, कोणाकडे चहा चांगला मिळे, कोणाची गॅलरी सर्वांत आधी गळायला लागली, असे तो सांगत जातो. ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी ते कागद रद्दीत घालू नयेत, आणि त्या माणसापाशी वही घेऊन बसावे.